इंजिनाची निवड आणि ठिणगीची वेळ

(हीरक महोत्सवी वर्षात पालक आणि माजी विद्यार्थी यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाची संहिता)



इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात औंडल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील शाळेचे नाव या सभागृहात फारसे कोणी ऐकलेले नसेल. परंतु शिक्षणाच्या इतिहासात तिला मानाचे पान आहे. १८९२ साली एफ. डब्ल्यू. सँडरसन हे या शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि पुढे तीस वर्षे त्यांनी ती शाळा सांभाळली. ग्रीक आणि लॅटिनच्या पाठांतरावर पोसलेल्या त्या काळच्या इंग्रजी शाळांमध्ये त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. शाळेच्या आवारात त्यांनी खरीखुरी कार्यशाळा उभारली आणि लोखंडाशी झटापट करणाऱ्या मुलाला व्याकरण घोकणाऱ्या मुलाच्या बरोबरीने बसवले. प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनी आपले मुलगे याच शाळेत घातले आणि सँडरसन यांच्या निधनानंतर १९२४ साली त्यांच्यावर एक पुस्तक लिहिले. सँडरसन यांचे निधनही असे, की ऐकणारा क्षणभर स्तब्ध व्हावा. १९२२ च्या जून महिन्यात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शास्त्रज्ञांच्या सभेपुढे व्याख्यान देऊन ते थांबले आणि तेथेच कोसळले. सभेच्या अध्यक्षस्थानी वेल्स होते.

याच औंडलच्या शाळेत पुढे रॉन चॅम्पियन नावाचे एक शिक्षक होऊन गेले. अवघ्या अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स मोटार स्वतः बांधा, अशा अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले आणि पाहता पाहता जगभरच्या गॅरेजांत जाऊन पोहोचले. त्या मोटारीला ‘लोकॉस्ट’ असे नाव पडले. कमी खर्च हा अर्थ त्यात आहेच, शिवाय ‘लोटस’ या प्रसिद्ध मोटारीच्या नावावरची कोटीही आहे. एक इंच जाडीच्या चौकोनी पोलादी नळ्या कापायच्या, वेल्डिंगने जोडून सांगाडा करायचा, भंगारात निघालेली एक जुनी फोर्ड एस्कॉर्ट आणायची आणि तिचे इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस, स्टिअरिंग, ब्रेक असे सारे या सांगाड्यावर बसवायचे, हा त्या पुस्तकाचा गाभा. आजचा विषय या मोटारीच्या एकाच अंगापुरता मर्यादित आहे. सांगाडा तयार झाला. आता त्यात इंजिन कोणते घालावे आणि त्या इंजिनातली ठिणगी कोणत्या यंत्रणेने पाडावी? प्रश्न दिसतो यंत्रशाळेतला, पण त्याचे उत्तर चुकल्यामुळे अर्ध्यावर राहिलेल्या आणि ताडपत्रीखाली गंजत पडलेल्या मोटारी इंग्लंडात कमी नाहीत.

लोकॉस्टची कुळकथा थोडी मागे जाते. कॉलिन चॅपमन या तरुणाने १९४८ साली ऑस्टिन सेव्हन या जुन्या मोटारीच्या सांगाड्यावर आपली पहिली गाडी बांधली. योगायोग असा, की सँडरसन यांनी जेथे अखेरचे व्याख्यान दिले त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात चॅपमन स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होते. १९५२ साली त्यांनी लोटस कंपनी काढली आणि १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ ही दोन आसनांची, दारे नसलेली, जेमतेम साडेचारशे किलोंची मोटार बाजारात आणली. तयार मोटारीवर त्या वेळी इंग्लंडात जबर खरेदीकर होता; सुट्या भागांवर तो नव्हता. म्हणून सेव्हन सुट्या भागांच्या रूपाने विकली जाई आणि घेणारा ती घरच्या गॅरेजात जोडी. अशा मोटारीलाच किट कार म्हणतात. करमाफीची एक अट होती : जोडणीच्या सूचना सोबत द्यायच्या नाहीत. त्यावर लोटसने शोधलेली पळवाट मोटारशौकीन आजही चवीने सांगतात. कंपनीने म्हणे मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि घेणाऱ्याने त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचल्या. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही. पण कोणताही कारकून हरेल अशी ती आहे. १९७३ च्या एप्रिलमध्ये खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला, सवलत संपली आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याकडे गेले.

सेव्हन घेणाऱ्या तरुणापुढे पहिल्या काही वर्षांत इंजिनाचे तीन मार्ग होते. पहिले फोर्डचे ११७२ घनसेंटिमीटरचे. हे तिसाव्या दशकात जन्मलेले, झडपा सिलिंडरच्या शेजारी असलेले जुन्या वळणाचे इंजिन. हवेला आत शिरताना आणि बाहेर पडताना वाकडी वाट करावी लागे, त्यामुळे शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपासच. पण ते इंग्लंडातल्या प्रत्येक भंगारवाल्याकडे मिळे आणि गल्लीतल्या कोणत्याही मेकॅनिकला उघडता येई. दुसरे ऑस्टिन-मॉरिस घराण्याचे ९४८ घनसेंटिमीटरचे. झडपा डोक्यावर, चण लहान, स्वभाव शांत. तिसरे मात्र राजपुत्र होते : कॉव्हेंट्री क्लायमॅक्स. त्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या सरकारला आग विझवण्यासाठी चार माणसांना सहज उचलता येईल असा हलका आणि जोरदार पंप हवा होता. त्यासाठी या कंपनीने ॲल्युमिनियमचे एक चिमुकले इंजिन घडवले. ते इतके हलके आणि चलाख निघाले, की शर्यतवाल्यांनी ते बंबाच्या गाड्यावरून उचलून मोटारीत घातले. १०९८ घनसेंटिमीटरच्या रूपात ते सुमारे पंचाहत्तर अश्वशक्ती देई. फोर्डच्या इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट. किंमतही अर्थातच तशीच; सामान्य पगारदाराच्या हाती ते लागणे कठीण.

आता कोणत्याही पालकाला विचारावे, यांतले कोणते चांगले? उत्तर ठरलेले आहे. पंचाहत्तर गुण चाळीस गुणांपेक्षा मोठे. पण चॅपमन यांचा हिशेब निराळा होता. अश्वशक्ती वाढवली तर मोटार सरळ रस्त्यावर वेगाने जाते; वजन कमी केले तर ती सरळ रस्त्यावर, वळणावर, ब्रेक लावताना, अशी सगळीकडेच चांगली चालते. भारतीय रस्त्यांवर अनेक दशके राज्य केलेल्या ॲम्बेसेडरशी तुलना केली, तर मुद्दा लगेच पटतो. तिचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन जवळजवळ पन्नास अश्वशक्तीचे आणि गाडीचे वजन अकराशे किलोंच्या घरात. चाळीस अश्वशक्ती आणि साडेचारशे किलो हे गणित पुढे ठेवले, की भंगारातले फोर्डचे इंजिन एकाएकी तितकेसे गरीब राहत नाही.

चॅम्पियन यांच्या लोकॉस्टपाशी परत आल्यावर याच प्रश्नाला दुसरे नाव पडते. एस्कॉर्टमध्ये प्रामुख्याने दोन प्रकारची इंजिने येत. एक ‘केंट क्रॉसफ्लो’. हे बहुधा १३०० घनसेंटिमीटरचे, क्वचित १६०० चे. हवा-पेट्रोलचे मिश्रण एका बाजूने आत येते आणि जळालेला धूर समोरच्या बाजूने बाहेर पडतो, म्हणून हे नाव. दुसरे ‘पिंटो’, हे दोन हजार घनसेंटिमीटरपर्यंत मिळे. कॅमशाफ्ट डोक्यावर आणि तो फिरवायला दातेरी रबरी पट्टा. पिंटो अधिक ताकदवान हे उघड आहे. पण ते उंच आहे आणि जड आहे. लोकॉस्टचे बॉनेट इतके ठेंगणे, की पिंटो बसवायला तेलाची टाकी खालून कापून उथळ करावी लागते किंवा बॉनेटला भोक पाडून त्यावर फुगवटा करावा लागतो. वजन सारे पुढच्या चाकांवर येते. स्टिअरिंग जड होते. मग स्प्रिंगा बदलाव्या लागतात. रेडिएटर मोठा लागतो. सांगाड्यातल्या एका नळीला वाट देण्यासाठी दुसरी नळी सरकवावी लागते आणि स्टिअरिंगचा दांडा धुराच्या नळीला घासू लागतो. वीस-तीस अश्वशक्तीच्या हौसेपायी सारे आराखडे पुन्हा काढण्याची पाळी येते.

म्हणून जाणते लोक सांगतात, की इंजिन एकटे कधी निवडले जात नाही. त्याच्यामागे गिअरबॉक्स येतो, गिअरबॉक्समागे क्लच, क्लचमागे पेडलची जागा, मग पाण्याच्या नळ्या, मग तारांचे जाळे. लग्नासारखेच. मुलगी एकटी घरात येत नाही, तिच्यामागे साऱ्या सोयऱ्यांचा गोतावळा येतो. शक्य तो सगळा संच एकाच मोटारीतून उचलावा, या चॅम्पियन यांच्या आग्रहाचे रहस्य हेच. एस्कॉर्टच्या इंजिनाला एस्कॉर्टचा गिअरबॉक्स विनातक्रार बसतो. त्यात कोणाची कल्पकता लागत नाही आणि नवख्याने पहिल्या मोटारीत कल्पकता जितकी कमी वापरावी तितके बरे.

याउलट टोक म्हणजे मोटारसायकलचे इंजिन. १९९८ साली यामाहाची आर वन आली : ९९८ घनसेंटिमीटर, दीडशे अश्वशक्ती, गिअरबॉक्ससकट दोन माणसांनी उचलावे इतके हलके. किट कारवाल्यांना ते न मोहवते तरच नवल! पण मोहाच्या तळाशी तीन खड्डे आहेत. पहिला, मोटारसायकलला उलटा गिअर नसतो. मोटारीला कायद्याने आणि सोयीने तो लागतोच, म्हणजे एक वेगळी पेटी बसवणे आले. दुसरा, तिचा क्लच दोनशे किलोंच्या वाहनासाठी केलेला असतो, त्याच्यावर दुपटीहून अधिक भार पडतो. तिसरा खड्डा सर्वांत रंजक आणि सर्वांत घातक. मोटारसायकल वळणावर झुकते, त्यामुळे तिच्या टाकीतले तेल तळाशीच राहते. पेल्यात पाणी घेऊन झोका घेतला तरी ते सांडत नाही, तसे. मोटार झुकत नाही. लांबलचक वळणावर तेल एका कुशीला जाऊन बसते, पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि मिनिटाला दहा हजार फेरे घेणाऱ्या दांड्याची बेअरिंगे काही क्षणांत जळून जातात. त्यावर टाकीत आडपडदे बसवणे हा उपाय आहे; पण तो माहीत असलेल्यालाच सुचतो. पुष्कळांना तो पहिले इंजिन गेल्यावर सुचला.

क्रॉसफ्लोचेही दोष आहेत आणि ते लपवू नयेत. ते जुने आहे, चांगले नग दुर्मिळ होत चालले आहेत. ते घडले शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात. २००० साली इंग्लंडात आणि भारतातही असे पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेले, तेव्हापासून एक्झॉस्ट झडपेची बैठक झिजण्याची भीती उरते. टणक धातूची कडी बसवून घ्यावी लागतात. तरीही शाळेच्या कार्यशाळेत कोणते इंजिन आणावे, असे विचारले तर तेराशेच्या क्रॉसफ्लोलाच मत द्यावे लागेल. कारण ते दिसते. झाकण काढले, की झडपा वरखाली होताना दिसतात. कोणता भाग कोणाला हलवतो हे बोटाने दाखवता येते. इंग्लंडातील ‘७५० मोटर क्लब’ या १९३९ सालच्या जुन्या संस्थेने लोकॉस्टच्या शर्यती सुरू केल्या, तेव्हा त्यांनीही सर्वांना हेच लहान इंजिन ठरवून दिले. त्यामुळे पैसा शर्यत जिंकत नाही, चालवणारा जिंकतो.

येथे पालकांच्या मनातील धास्ती ओळखून एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतात नोंदणी झालेल्या वाहनात असा फेरफार करून ते रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम त्याच्या आड येते. तेव्हा सभा संपल्यावर कोणी घरच्या गाडीचे इंजिन उतरवायला घेऊ नये. इंग्लंडात घरी बांधलेल्या मोटारीची सरकारी तपासणी होते आणि ती उतरल्यावरच क्रमांक मिळतो. भारतीय मुलांची हौस भागवणारी जागा मात्र आहे. इंदूरजवळच्या पीथमपूरला ‘बाहा एसएई इंडिया’ या स्पर्धेसाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ स्वतः बांधलेल्या चारचाकी घेऊन जमतात, त्यांत मराठी मुलेमुली पुष्कळ असतात. तेथेही इंजिन सर्वांना ठरवून दिलेले असते. कस लागतो तो बाकी सगळ्याचा.

आता ठिणगी.

सभागृहातील ज्यांची पन्नाशी उलटली आहे, त्यांना एक दृश्य नक्की आठवेल. पावसाळ्यात भल्या पहाटे ॲम्बेसेडर किंवा फियाट सुरू होत नाही. मग शेजारचा मेकॅनिक येतो, बॉनेट उघडतो, एक काळी टोपी काढतो, आतल्या दोन चिमुकल्या टिकल्यांमधून पॉलिश पेपरचा तुकडा फिरवतो, टोपी पुसून बसवतो आणि गाडी सुरू होते. त्या टिकल्या म्हणजे पॉइंट आणि ती टोपी डिस्ट्रिब्यूटरची. अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास ही पद्धत रूढ केली आणि पुढची साठ-सत्तर वर्षे जगातल्या बहुतेक पेट्रोल मोटारी तिच्यावर चालल्या. तत्त्व सोपे आहे. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉइलमधून वाहतो. पॉइंट उघडले, की प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उसळतो. तो दाब प्लगच्या टोकांमधले अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे अंतर ओलांडतो, तीच ठिणगी.

ठिणगी पाडणे सोपे. ती वेळेवर पाडणे कठीण. मिश्रण पेटून पूर्ण जळायला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. मिनिटाला हजार फेऱ्यांच्या संथ गतीत इंजिनाचा दांडा एका मिलिसेकंदात सहा अंश फिरतो. तीन हजार फेऱ्यांना अठरा अंश. म्हणजे पिस्टन वर पोहोचल्यावर ठिणगी टाकली, तर जाळ फुलेपर्यंत पिस्टन खाली निघून गेलेला असतो. म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते, आणि गती वाढेल तशी आणखी आधी : संथ गतीत आठ-दहा अंश, वेगात तीस-पस्तीस. तीही बेताने. फार लवकर पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावरच स्फोट होतो. इंजिन खडखडते आणि तसेच चालवले तर पिस्टनला भोक पडते. फार उशिरा पडली, तर ताकद जाते आणि धुराची नळी लाल होते. हे सारे नियंत्रण जुन्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये दोन लहान वजने आणि दोन स्प्रिंगा करीत. गती वाढली, की वजने बाहेर फेकली जात आणि ठिणगीची वेळ पुढे सरके. मानवी बुद्धीने इतक्या थोड्या लोखंडात इतके शहाणपण क्वचितच भरले असेल.

पण त्या स्प्रिंगांची ताकद एका ठरावीक इंजिनासाठी, ठरावीक वजनाच्या मोटारीसाठी ठरवलेली असते. येथे किट कारवाल्याची पहिली चूक होते. बाहेरून सारखाच दिसणारा दुसऱ्या मोटारीचा डिस्ट्रिब्यूटर तो भंगारातून आणतो. तो बसतो, इंजिन सुरूही होते. पण वेळेचे गणित परक्या घरचे असते. दुसरी चूक कॉइलची. फोर्डच्या अनेक मोटारींत कॉइलला चालू स्थितीत पूर्ण बारा व्होल्ट देत नसत. वाटेत एक रोधक तार घालून दाब कमी करीत आणि फक्त किल्ली फिरवताना पूर्ण दाब देत, म्हणजे थंडीत ठिणगी जोरकस पडे. ती रोधक तार जुन्या तारांच्या जुडग्यात इतर तारांसारखीच दिसते. घरी नवे जाळे विणणारा उत्साही तरुण ती टाकून देतो, कॉइल सरळ बॅटरीला जोडतो आणि महिनाभरात पॉइंट का जळतात, कॉइलला हात का लावता येत नाही, याचा शोध भलतीकडेच घेत बसतो. तिसरी चूक सवयीची. पिंटोमध्ये ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन असा असतो, क्रॉसफ्लोमध्ये एक-दोन-चार-तीन. एका इंजिनावर हात बसलेला माणूस दुसऱ्यावर डोळे मिटून तारा लावतो आणि कार्बोरेटरमधून जाळाची जीभ बाहेर येते. म्हणून तारांवर आधी क्रमांक लिहावेत आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. ही सूचना कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर छापायला हवी.

पॉइंटची मर्यादाही खरी आहे. चार सिलिंडरच्या इंजिनाला सहा हजार फेऱ्यांच्या गतीत सेकंदाला दोनशे ठिणग्या लागतात. दोन ठिणग्यांमध्ये फक्त पाच मिलिसेकंद, त्यांतही पॉइंट मिटलेले असतात तेवढाच वेळ कॉइल भरायला मिळतो. टिकल्या झिजतात, त्यांमधले अंतर बदलते आणि अंतर बदलले, की वेळही बदलते. यावर मधला मार्ग असा, की डिस्ट्रिब्यूटर तोच ठेवायचा आणि पॉइंटच्या जागी चुंबकावर चालणारा छोटा इलेक्ट्रॉनिक संच बसवायचा. झिजणारा भाग गेला. वेळ पुढे सरकवणारी वजने आणि स्प्रिंगा मात्र त्याच राहिल्या. रोज वापरायच्या साध्या क्रॉसफ्लोला याहून अधिक काही लागत नाही, असे बहुतेक अनुभवी लोकांचे मत आहे आणि ते मान्य व्हावे असे आहे. पॉइंटचा जुना संच गाडीत रुमालात गुंडाळून ठेवला, की रात्री-अपरात्री अडल्यावर तोही उपयोगी पडतो.

तिसरा मार्ग नव्या युगाचा. फोर्डच्या नंतरच्या मोटारींत डिस्ट्रिब्यूटर उरलाच नाही. दांड्याबरोबर फिरणाऱ्या एका चाकावर दर दहा अंशांनी एक दाता, म्हणजे छत्तीस. त्यांतला एक मुद्दाम काढून टाकलेला. शेजारचा संवेदक दाते मोजतो आणि जेथे खंड पडतो, तेथून दांड्याची नेमकी स्थिती ओळखतो. गैरहजेरीवरून हजेरी घेण्याचा हा प्रकार शिक्षकमंडळींना आवडावा. मग वेळ किती आधी, हे वजने ठरवत नाहीत. गती आणि भार यांचा एक तक्ता असतो, त्यातल्या प्रत्येक चौकोनात अंश लिहिलेले असतात. किट कारवाले भंगारातल्या फोर्डमधून हा संच काढतात, त्याला एक छोटी नियंत्रक पेटी जोडतात आणि तक्ता स्वतः संगणकावर भरतात. दोन मोठे वेबर कार्बोरेटर बसवलेल्या, शक्ती वाढवलेल्या इंजिनाला हा मार्ग खरोखर हवा असतो. कारण तेथे पोकळीच्या दाबावर चालणारी जुनी यंत्रणा नीट काम देत नाही. आणि फोर्डच्या संचात एक शहाणपणाची तरतूद आहे. नियंत्रक पेटीचा संदेश तुटला, तर तो संच गप्प बसत नाही, दहा अंशांवर ठिणगी देत राहतो. गाडी मंद होते, पण घरी पोहोचते.

हा मार्ग निवडणाऱ्याने मात्र एक गोष्ट स्वतःला प्रामाणिकपणे विचारावी : तक्त्यातले आकडे कोठून येणार? दुसऱ्याने आपल्या इंजिनासाठी भरलेला तक्ता उतरवून घेणे फार सोपे असते. उतरवलेले उत्तर परीक्षेत एखादे वेळी खपूनही जाते. पिस्टनपुढे ते खपत नाही. कागदावर अंश दोन-चारच जास्त असतात. खडखड धुराच्या आवाजात ऐकू येत नाही आणि भोक पडल्यावर कळते. डायनॅमोमीटरवर इंजिन चालवून, एकेक चौकोन पारखून तक्ता भरण्याचा खर्च लोकॉस्टच्या साऱ्या अंदाजपत्रकाएवढा होऊ शकतो. वजने आणि स्प्रिंगांचा डिस्ट्रिब्यूटर कमी अचूक असतो खरा, परंतु त्याची चूकही बेताची असते.

राहिली पहिली सुरुवात. सांगाडा रंगला, इंजिन बसले, तारा जोडल्या, आणि मुलांना किल्ली फिरवायची घाई झाली. जाणता शिक्षक येथे त्यांना थांबवतो. आधी चारही प्लग काढायचे. कॉइलची तार सोडायची आणि तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवायचा. कारण महिनोन् महिने पडून असलेल्या बेअरिंगांत तेलाचा थेंब नसतो. मग प्लग बसवायचे, कॉइलची तार जोडायची, गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना ते पाहायचे आणि पान्याने इंजिन हाताने हळूहळू फिरवत पुलीवरची खूण दहा अंशांवर आणायची. पॉइंटच्या तारेवर बारा व्होल्टचा एक साधा बल्ब जोडायचा, किल्ली नुसती चालू करायची आणि डिस्ट्रिब्यूटर दोन्ही हातांनी धरून केसभर फिरवायचा. पॉइंट उघडताच बल्ब लागतो. तेवढ्यातच थांबायचे, खालचा स्क्रू आवळायचा आणि इंजिन पुन्हा दोन फेरे फिरवून बल्ब त्याच खुणेवर लागतो का, ते पाहायचे. कोणी एकाने अग्निशामक घेऊन उभे राहायचे, बाकीच्यांनी दोन पावले मागे सरायचे, आणि मग किल्ली फिरवायची.